गिळलेली चूक

दादांनी चूक गिळली, हे वाक्य काल दुपारपासून घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की त्यातली गंमत आता कुणाला ऐकूही येत नव्हती. दादांच्या धाकट्या भावाने, भाऊंनी, फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चिमणी म्हणाली होती, "बाबांनी चूक कबूल केली असती तर बातमी झाली असती. गिळली म्हणजे काय?" मग काकांचा आवाज तिने नीट ऐकला, आणि चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला एका डोळ्याचा नंबर काढून तसंच खुर्चीत बसवून ती निघाली.

ही चूक लोखंडाची होती. सोफ्याचं कापड लाकडाला ठोकतात ती, टोकदार, चपट्या डोक्याची, करंगळीच्या पेराहून जरा लहान. वडिलांच्या, आबांच्या हाताखाली शिकलेला माणूस चुका डब्यात ठेवत नसे, गालात ठेवत असे. जिभेने एकेक ओठांवर आणायची, चुंबकी हातोडीने उचलायची आणि ठोकायची. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. आबा गेले, वाऱ्यावर चालणारी पिनांची बंदूक आली, भाऊंनी ती घेतलीही, पण दादांनी गाल सोडला नाही. आणि इतक्या वर्षांत एकही चूक घशाखाली उतरली नव्हती.

त्या वर्षांत काम नसलं की चुकांच्या जागी सिगारेट असे. दोन महिन्यांपूर्वी ती सुटली आणि दादा दिवसभर तोंडात चुका धरू लागले. टीव्हीसमोर चुका, फोनवर बोलताना चुका, आंघोळीला जातानासुद्धा गाल फुगलेला. बायकोने, माईंनी, सांगून पाहिलं, "गिळाल हं एखादी." दादा चुकांच्या मागून म्हणाले, "आबांनी कधी गिळली?"  आबा चुकांनी नाही, सिगारेटने छाती जाऊन गेले, हे या घरात सगळ्यांना पाठ होतं.

काल दुपारी दादा एका आरामखुर्चीचा हात मढवत होते. भाऊ मागच्या पायरीवर सिगारेट ओढून कारखान्यात आले आणि सुतळीचा गुंडा घ्यायला त्यांच्याजवळून वाकले. दादा ओरडले, "तो वास घेऊन माझ्याजवळ येत जाऊ—" आणि वाक्य तिथेच थांबलं. भाऊंनी आधी पाठीत बुक्के मारले, मग तसंच धावत जाऊन रिक्षा आणली. एक्स-रेच्या काचेवर डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं, ही बघा. पोटातून पुढे सरकलीय, बहुतेक आपली आपण जाईल. भरपूर खाऊ घाला, दुखलं तर लगेच या, नाहीतर सोमवारी सकाळी परत फोटो काढू. जाता जाता म्हणाले, श्वासनलिकेत गेली असती तर मात्र आपण एवढ्या निवांत बोलत बसलो नसतो.

म्हणून रविवारी सकाळी माई स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होत्या, टेबलावर केळ्यांचा घड होता आणि दादा खुर्चीत पाय पसरून छताकडे बघत होते. तोंड रिकामं. रिकाम्या तोंडाचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. जीभ उगीच गालात फिरत होती.

"आणखी एक घ्या," माई म्हणाल्या.

"मी काय गादी आहे का, ठासून भरायला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांना म्हणावं, तुम्ही या खायला."

चिमणी समोर बसली होती. रात्री ती इथेच राहिली होती, लेकीला नवऱ्याजवळ ठेवून. चार वर्षांच्या त्या पोरीची छाती फुटक्या भात्यासारखी वाजायची, आणि त्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी चिमणी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "बाबा, हिला मी यापुढे इथे आणणार नाही. भांडत नाही. फक्त सांगतेय."  दुसऱ्या दिवशी दादांनी सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि त्यावर चहाचा चोथा ओतला, पुन्हा उचलावंसं वाटू नये म्हणून.

"मी एक ठरवलंय," दादा छताकडे बघतच म्हणाले. "कारखान्यात मधोमध भिंत घालायची. पुढची बाजू माझी, मागची त्याची. आपापलं काम, आपापली गिऱ्हाइकं."

माईंचा हात थांबला. "भावजींशी बोललात?"

"बोलायचंय काय त्यात?"

"बाबांचं बरोबर आहे," चिमणी म्हणाली. "माई, तू माझ्याकडे अशी बघू नकोस. सख्खा भाऊ सिगारेट सोडायला धडपडतोय, आणि काकांना त्याच्या नाकासमोर ओढायची लाज वाटत नाही."

"नाकासमोर नाही ओढत ते. पायरीवर जातात."

"वास येतोच ना."

"वास तर यांच्या जुन्या कोटालाही येतो. कपाटात कुठे भिंत घालू?"

दादा उठले. "माझ्या पोटात खिळा आहे," ते म्हणाले, "आणि तुम्हाला कोट सुचतोय." ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, कारण आपटायला अंग आवळावं लागतं आणि ते काल रात्रीपासून अंग आवळायला घाबरत होते. हे फक्त माईंच्या लक्षात आलं.

चिमणीने आवाज खाली आणला. "तूच मला सांगायचीस ना गं, पडदे धुऊन धुऊन हात गेले म्हणून? तूच म्हणायचीस, एकदा सुटू दे, मी पेढे काय वाटीन, हत्तीवरून साखर वाटीन. आणि आता सुटली तर तू काकांच्या बाजूने?"

"मी कुणाच्या बाजूने नाही."

"मग?"

माईंनी बटाट्याचं भांडं बाजूला सरकवलं. त्यांना हे कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं, त्यामुळे कुठून धरायचं ते कळेना.

"ही खिडकी बघ," त्या म्हणाल्या. ओट्यावरची छोटी खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. बरोबर खाली कारखान्याची मागची पायरी. "रोज चार वाजता दोघं तिथे येऊन बसायचे. मी इथे भांडी घासायची. तुझे बाबा मला कधी काही सांगत नाहीत, तुला माहितेय. लग्न झालं तेव्हापासून. काय झालं विचारलं की 'काही नाही.' पण तिथे बसले, एक पेटवली, की बोलायचे. तू परीक्षेत नापास झालीस तेव्हा ते रडले होते, ते मला इथून कळलं. आबांच्या छातीचं डॉक्टरांनी काय सांगितलं, ते इथून. मला गाठ आली होती ना, तपासायला दिली होती, तेव्हा मला म्हणाले, काही नसतं गं. आणि तिथे जाऊन त्याला म्हणाले, मला भीती वाटतेय, ही गेली तर मी काय करू."

चिमणी उठून खिडकीशी गेली आणि खाली पायरीकडे बघू लागली.

"धूर सरळ वर यायचा. डोळे झोंबायचे. मी खिडकी लावायची नाही." माईंनी पदराने ओटा पुसला, पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. "सुटली ते चांगलंच झालं. मला काय विधवा व्हायची हौस आहे? पण दोन महिन्यांत ते कुणाशी धड बोललेले नाहीत. ना त्याच्याशी, ना माझ्याशी. सिगारेटबरोबर आम्हालाही सोडलं की काय, कळत नाही. आणि वर ही भिंत."

मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जा, काकांना जेवायला बोलाव. कालपासून आले नाहीत वर. आणि भिंतीचं तू काढू नकोस."

भाऊंची खोली अंगणाच्या पलीकडे होती. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याच्या तीन कहाण्या घरात होत्या आणि तिन्ही भाऊ हसत ऐकत. स्प्रिंगा बांधण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. लहानपणी चिमणी त्यांना स्प्रिंगकाका म्हणायची आणि त्यांच्या खांद्यावरून गाद्यांच्या ढिगात उडी मारायची.

दार उघडंच होतं. खाटेवर कॅनव्हासची पिशवी होती, आणि भाऊ तिच्यात हत्यारं भरत होते. लांब सुई, कापड ताणायची लाकडी ताणपट्टी, दोन हातोड्या.

"काका, हे काय?"

"आलीस? बस. दुखतंय का गं त्याला?"

"नाही. काका, पिशवी कसली?"

"पुलापलीकडचा फर्निचरवाला बरेच दिवस मागे लागलाय. म्हटलं जावं." ते हातोडीची दांडी फडक्याने पुसत राहिले. "मी इथून हललो की त्याला सोपं जाईल. कालचं माझ्यामुळेच झालं."

चिमणीच्या तोंडाशी आलं होतं, तुमच्यामुळेच. पण पिशवी बघून ते तिला बोलवेना. ती म्हणाली, "सोपं करायचं होतं तर तुम्हीही सोडायची होतीत. जायची काय गरज?"

भाऊ कसंनुसं हसले. "सोडली होती. तो सोडणार म्हटल्यावर त्याच दिवशी. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, मला जमत नाही हे उगीच गावभर कशाला. आणि तसंच झालं. आठवडाही निघाला नाही. हात असे थरथरायला लागले की सुतळीला गाठ बसेना. एका बाईच्या सोफ्याची स्प्रिंग उसळून तिच्या नवऱ्याला लागली."

चिमणीला हसू आलं आणि ते आल्याची लाजही वाटली.

"त्याला जमतंय," भाऊ म्हणाले. "त्याचा हेवाही वाटतो आणि अभिमानही. पण एक सांगतो, तू मनात ठेव. तुला वाटतं, मी त्याला मोहात पाडतो. महिनाभरापूर्वी, उजाडलं पण नव्हतं, तो या दारात आला. अनवाणी. म्हणाला, दे एक."

"बाबा?"

"मी म्हणालो, नाही माझ्याजवळ. आणि पाकीट इथे उशीवर होतं. त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं की त्याला दिसतंय. तो उभा राहिला थोडा वेळ, आणि गेला. तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेला नाही." त्यांनी पिशवीची दोरी आवळली. "मोठा भाऊ धाकट्याच्या दारात भीक मागायला आला, आणि धाकट्याने हाकललं. त्याला माझ्या सिगारेटचा राग नाही, चिमणे. मी त्याला तसं पाहिलं, त्याचा राग आहे."

चिमणी खाटेवर बसली. तिने पिशवीतली एक हातोडी काढून मांडीवर ठेवली, जणू तेवढ्याने काकांचं जाणं थांबणार होतं. मग तिला रडू आलं. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, बोटांचा वास आठवून मागे घेतला, आणि चिमणीने तो हात ओढून स्वतःच डोक्यावर ठेवला.

दादांना झोप लागली नव्हती. आडवं पडलं की पोटात काहीतरी सरकल्यासारखं वाटे आणि ते श्वास धरून थांबत. शेवटी ते उठले आणि मागच्या जिन्याने, कठड्याला धरून, खाली उतरले. कशाला, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. पायरीपाशी आल्यावर पाय आपोआप थांबले आणि ते बसले. भाऊंच्या दारातून चिमणी बाहेर येत होती. तिने वडिलांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि काही न बोलता त्यांच्या शेजारून वर गेली.

मागून पिशवी घेऊन भाऊ आले.

"कुठे?" दादांनी विचारलं.

"पुलापलीकडे."

"त्या फर्निचरवाल्याकडे? त्याला स्प्रिंगा कळत नाहीत. नुसता फोम कोंबतो."

"म्हणूनच मागे लागलाय."

दादांनी जरा वेळ अंगणातल्या रिकाम्या सांगाड्यांकडे पाहिलं. तीन खुर्च्या, एक दिवाण, सगळ्यांची हाडं उघडी.

"दे एक," ते म्हणाले.

"नाही."

"आज खोटं बोलू नकोस. खिशात आहे."

"खोटं नाही बोलत. आहे. देत नाही."

"माझ्या पोटात खिळा आहे. उद्या काय होईल कोण सांगणार? शेवटची समज."

"उद्या खिळा जाईल आणि ही सिगारेट राहील."

"मोठा कोण, तू की मी?"

"तू."

"मग?"

"मग एकदा तरी धाकट्याचं ऐक."

आयुष्यात भाऊंनी त्यांना इतकं सरळ नाही म्हटलं नव्हतं. पहिली सिगारेट दादांनीच त्यांना दिली होती, याच अंगणात, आबांच्या पाकिटातून चोरून; खोकून खोकून भाऊंचा जीव गेला होता आणि दादा हसले होते.  आता दादांना उठून त्या खिशात हात घालावासा वाटला, आणि घातला असता तर धाकट्याने अडवलं असतं हेही दिसलं. घशात काहीतरी दाटून आलं. कालपासून ते घशातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरत होते. ही वर आली, आणि ते लहान पोरासारखे रडले.

भाऊ पिशवी खाली ठेवून एक पायरी खाली बसले. त्यांच्याकडे न बघता.

"त्या दिवशी तुझ्या दारात आलो," रडणं ओसरल्यावर दादा म्हणाले, "ते कुणाला सांगितलंस?"

"आज चिमणीला सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. रडली."

दादांनी नाक पुसलं. आणि मग, हातात काहीही नसताना, ते बोलायला लागले. चार वाजले की अंगाचं काय होतं ते. कापड कापताना एका रेघेच्या दोन रेघा दिसतात ते. की परवा नात आली, मांडीवर बसली, म्हणाली तुम्हाला आता वास येत नाही, आणि त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी वाटलं, म्हणजे मी आता कोण. की काल रिक्षात वाटलं, मेलो तर भावाला शेवटचं वाक्य रागाचं गेलं, तेही अर्धं.

भाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हे वहिनींना सांग."

"तिला काय सांगायचं?"

"त्यांना सगळं माहीत असतं. आपण बोलायला लागलो की वर नळ बंद व्हायचा."

दादांनी मान वर केली. खिडकीत कुणी नव्हतं. "तुला माहीत होतं?"

"तुला काय वाटलं, मी उगीच मोठ्याने विचारायचो? 'काय म्हणतोस दादा, परत सांग'?"

 दादांनी पायाने पिशवी स्वतःकडे ओढली, दोरी सोडली, आणि एकेक हत्यार काढून पायरीवर मांडायला सुरुवात केली. "ही ताणपट्टी आबांची आहे," ते म्हणाले. "ती पुलापलीकडे जाणार नाही."

"मग मी जाऊ?"

"मूर्ख आहेस."

भिंतीचा विषय निघाला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

सोमवारी चौघंही दवाखान्यात गेले. एकाच रिक्षात, चिमणी अर्धी माईंच्या मांडीवर. डॉक्टरांनी फोटो काचेवर लावला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि म्हणाले, गेली. दादांनी विचारलं, नक्की? डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे नाही, एवढं नक्की. भाऊ इतक्या जोरात हसले की बाहेर बसलेल्या एका बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. बाहेर पडल्यावर भाऊ रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणि तिथे एकटे उभे राहून त्यांनी सिगारेट पेटवली. यापुढे ते असेच करणार होते. त्यांची काही सुटली नव्हती. दादा इकडच्या कडेला उभे राहून त्यांची वाट बघत राहिले. चिमणीला वाटलं, बाबांना आत न्यावं, रिक्षात बसवावं. मग तिने पाहिलं की ते धुराकडे बघत नव्हते, वाहनांकडे बघत होते, भाऊ परत येताना नीट ओलांडतो की नाही ते.

आठवडा गेला. दादांनी चुकांसाठी पत्र्याची वाटी घेतली, ती सारखी लवंडे, आणि ते तिला आबांच्या तोंडच्या शिव्या देत. पिनांची बंदूक त्यांनी एकदा हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

एका दुपारी चार वाजता माई टेबलाशी मटार सोलत होत्या. जिन्यावर पावलं वाजली. दादा या वेळी कधी वर येत नसत. ते दारात थांबले, पाण्याचं भांडं शोधल्यासारखं केलं, मग स्टूल ओढून टेबलाशी बसले. त्यांचे हात मोकळे होते. माईंनी शेंगांची परात दोघांच्या मध्ये सरकवली. दादांनी एक शेंग उचलली.

"तो डॉक्टरीणबाईंचा दिवाण आहे ना," दादा म्हणाले, "कापड चुकीचं कापलं मी. पूर्ण लांबी. अजून सांगितलं नाही त्यांना."

"हं," माई म्हणाल्या.

"आधी कधी असं झालं नव्हतं. मला वाटतं, डोळे गेले. नाहीतर डोकं गेलं." शेंग उकलली, दाणे परातीत पडले. "रात्री झोप लागत नाही. तू झोपलेली असतेस, मी तुझा श्वास ऐकत बसतो."

 नळ केव्हाच बंद होता. माईंनी मान वर केली नाही. केली असती तर ते थांबले असते. दोघांच्या मधली परात त्यांनी आणखी थोडी त्यांच्याकडे सरकवली, आणि पुढची शेंग सोलत म्हणाल्या,

"मग?"